गायिका, रंगभूमी अभिनेत्री आणि डबिंग कलाकार (मराठवाडा)

गाणे, रंगमंचावरचा अभिनय आणि पडद्यावरच्या परक्या चेहऱ्याला आवाज देणे या तीन कामांवर एकाच स्त्रीने उभी केलेली कारकीर्द. ही तिन्ही कामे मुंबई-पुण्यातही एकत्र केली जातात. मराठवाड्यात मात्र त्यांच्यामागची परंपरा, शिकण्याच्या जागा आणि वाटेतली मुख्य अडचण निराळी आहे. ती अडचण बोलण्याच्या ढंगाची आहे, गळ्याची नाही.

मराठवाड्यातल्या बाईचा आवाज नाट्यगृहाच्या कितीतरी आधी जात्यावर आणि देवीच्या दारात घडला. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग दळणकांडणासोबत गायले जातात, तुळजापूरला आराधी (देवीचे उपासक) मंडळी देवीची गाणी म्हणतात, आणि पैठणच्या एकनाथांनी लिहिलेली भारुडे आजही सादर होतात. त्यांपैकी भारुडाचे नाते डबिंगशी सर्वांत जवळचे आहे. भारूड करणारा कलावंत क्षणात विंचू चावलेला माणूस होतो, क्षणात सासुरवाशीण होतो आणि पुन्हा निरूपणाच्या शांत स्वरात परततो. वेश तोच राहतो, बदलतो तो आवाज. बीडच्या मीरा उमप यांनी दिमडीच्या साथीने हे बाईच्या गळ्यातून करून दाखवले. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांचा उघडा, मोकळा लावलेला स्वर कोणत्याही क्लासात घडलेला नाही आणि तो दूरवर पोचला आहे. मराठवाड्याच्या गायिकांचा विचार याच स्वरापासून सुरू व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शास्त्रशुद्ध शिक्षणाची वाट वेगळी. गावातल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे तालीम घ्यायची आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा द्यायच्या. नांदेड-औरंगाबाद भागात पं. नाथराव नेरळकर यांच्यासारख्या गुरूंनी अनेक गळे तयार केले.

संगीत नाटकाचा आरंभ 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकाने झाला, पण त्यातल्या स्त्रिया पुढची कित्येक वर्षे पुरुषच रंगवत. हिराबाई बडोदेकरांनी 1929 मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली आणि गाणाऱ्या कुलीन स्त्रीला रंगमंचावर उभे राहण्याची जागा केली. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे इथे सुरू झाली ती त्यानंतर. हौशी संस्थांना या स्पर्धेने जिवंत ठेवले. तालमी रात्री चालत, मुलीला घरी कोण पोचवणार हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राही, आणि ज्या घराने तो सोडवला त्याच घरातून अभिनेत्री पुढे आली.

औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये स्थापन झाले. तिथल्या नाट्यशास्त्र विभागाला कमलाकर सोनटक्के यांनी आकार दिला आणि अभिनयाला अभ्यासाचा दर्जा मिळाला. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या सोबत्यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था याच शहरातून मुंबईला गेली. 1991 साली आलेल्या त्यांच्या 'चारचौघी' या नाटकात चार स्त्रियांच्या भूमिका केंद्रस्थानी होत्या. त्यांतली एक भूमिका औरंगाबादच्या प्रतीक्षा लोणकर यांनी केली.

माइकची पहिली ओळख मात्र आकाशवाणीने करून दिली. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर आकाशवाणीने जी संस्थानी केंद्रे ताब्यात घेतली त्यांत औरंगाबादचेही होते. पुढे औरंगाबाद आणि परभणीची केंद्रे या भागाचे कान झाली. नांदेड, बीड, उस्मानाबादला स्थानिक केंद्रे आली. गायिकेची स्वरपरीक्षा होते आणि तिला बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळते. नाटकाच्या आवाजाची परीक्षा वेगळी. एकाच केंद्रावर सकाळी भावगीत, दुपारी महिलांचा कार्यक्रम आणि संध्याकाळी श्रुतिका (रेडिओवरचे नाटक) करणारी बाई डबिंगचे निम्मे शिक्षण तिथेच घेते. पान उलटल्याचा आवाज येऊ द्यायचा नाही, हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, 'प' आणि 'भ' माइकवर फुटू नयेत म्हणून तोंड किंचित कलते ठेवायचे, या सवयी तिथे लागतात.

डबिंगमध्ये कानात मूळ आवाज, समोर पडदा आणि हातात अनुवादित संवाद असतो. पूर्वी चित्रफितीचा तुकडा टोकाला टोक जोडून पुन्हा पुन्हा फिरवत, म्हणून त्या तुकड्याला 'लूप' म्हणायचे. फीत गेली, शब्द टिकला. पडद्यावरच्या नटीचे ओठ जिथे मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर पडले तर वाक्य बसल्यासारखे वाटते. ते पडत नसेल तर शब्द बदलावा लागतो आणि अर्थ मात्र तोच ठेवावा लागतो. दम लागणे, हुंदका, घास गिळणे, जिना चढताना तुटलेला श्वास, हे सगळे स्वतंत्रपणे द्यावे लागते. बाजारातल्या किंवा लग्नातल्या घोळक्याच्या आवाजासाठी चार-पाच जण माइकभोवती उभे राहतात. नवख्या मुलीचे पहिले काम बहुधा हेच असते.

गायिकेला इथे दोन गोष्टींचा आधार मिळतो. एक म्हणजे लय. परभाषेतली नटी वाक्य कुठे उचलते आणि समेवर कशी येते, हे तिचा कान अर्थ कळण्याआधी पकडतो. दुसरा आधार दमसासाचा. रंगमंचाची सवय मात्र आधी आडवी येते. औरंगाबादच्या संत तुकाराम नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज स्टुडिओत कर्कश लागतो. तो आवाज वीतभर अंतरावर आणायचा आणि त्यातली धग कमी होऊ द्यायची नाही, हे या कारकिर्दीतले सर्वांत अवघड वळण आहे. ते महिन्याभरात साधत नाही.

हिंदी डबिंगमध्ये मराठवाड्याचा कान उपयोगी पडतो, कारण दखनी (उर्दूची दक्षिणेकडची बोली) आणि उर्दू इथल्या मोहल्ल्यांत रोज ऐकू येते. तरीही दखनीत 'क़'चा 'ख़' होतो आणि 'क़लम'चे 'ख़लम' ऐकू येते, तेवढे तलफ्फुजमधून, म्हणजे उच्चारातून, काढावे लागते. मराठीत अडचण अधिक खोल आहे. 'मह्या', 'तुह्या', 'लई', 'पानी' ही घरातली भाषा. नाटकाच्या तालमीत ती पुसली जाते, आकाशवाणीत पुन्हा पुसली जाते आणि स्टुडिओत 'गावाकडची बाई' हवी असली की तीच परत मागितली जाते. तेव्हा जी मागितली जाते ती कुठल्याच जिल्ह्याची नसते. परभणीची बाई आणि उमरग्याची बाई एकसारखी बोलत नाही, आणि हा फरक राखून बोलू शकणारी कलाकार मराठवाड्यातच सापडते. दक्षिणेतले चित्रपट मराठीत येऊ लागल्यापासून (2021 मध्ये 'बाहुबली' मराठीतून दाखवला गेला, 2022 मध्ये 'प्रवाह पिक्चर' ही वाहिनी सुरू झाली) अशा आवाजाची गरज वाढली आहे.

काम बहुतांशी मुंबईत असते आणि मोबदला शिफ्टवर किंवा भूमिकेवर ठरतो. त्यामुळे रात्रीच्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने जाऊन दिवसभर स्टुडिओत उभे राहायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, हा अनेकींचा परिपाठ. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावतात आणि पंखा बंद करून उन्हाळ्यातही संवाद देतात.

वयाचा हिशोब तिन्ही कामांत वेगवेगळा लागतो. रंगमंचावर चाळिशीनंतर आईच्या आणि सासूच्या भूमिका येऊ लागतात. गाण्यात वरचा षड्ज जड होतो आणि गायिका पट्टी खाली आणते. डबिंगमध्ये मात्र कार्टूनमधल्या सात वर्षांच्या मुलाला बहुधा मोठ्या वयाची बाईच आवाज देते, आणि त्यात गाणे आले तर तेही अनेकदा तीच गाते.