गंज वेगळा, जुनेपण वेगळं

आर्वीकडे कुणाच्या कोठ्यातून जुनी रॅले किंवा हर्क्युलिस सायकल निघाली की दोन दिवसांत तिचा फोटो येतो. पॉलिशपेपरने घासून फ्रेम पांढरी केलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पूर्ण गंज काढला भाऊ.’ फोटो मोठा करून पाहिला तर निघालेल्यातलं निम्मं गंज नव्हतंच. तो कारखान्यातला काळा रंग होता आणि त्यावर धूळ-तेलाची खरपूड बसलेली होती. हे इतक्यांदा पाहिलं, की आता एकदाचं लिहून टाकतो.

गंज काय असतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. वखराची पास पावसात उघडी राहिली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. त्यामुळे तो आपोआप थांबत नाही.

घोळ होतो तो जुनेपणाशी. जुन्या सायकलींचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असायचा, त्यावर बारीक ब्रशने ओढलेल्या सोनेरी रेघा असत. वर्षानुवर्षं धोतराचा काठ घासून, हात लागून काही जागी रंग जातो आणि उघडं लोखंड गडद तपकिरी होतं. रसायनाच्या भाषेत हाही गंजच, पण पातळ, घट्ट बसलेला आणि थांबलेला. डोळ्यांना दोन्ही तपकिरीच दिसतात, म्हणून माणूस दोन्ही खरवडतो. ओळखायचं बोटांनी आणि फडक्याने.

शिलाई मशीनचं तेल घ्या, डागावर लावा, दहा मिनिटं थांबा आणि मऊ सुती कापडाने पुसा. कापड काळं झालं तर ती खरपूड होती, खाली रंग शाबूत आहे. कापडावर शेंदरी भुकटी आली तर गंज जिवंत आहे, तो काढलाच पाहिजे. कापड स्वच्छ आलं आणि डाग तपकिरी राहिला तर ते जुनेपण, त्याला हात लावू नका. रंगावर फोड असेल तर नखाने हलकेच दाबा. करकर वाजून फुटला तर आत गंज चालू आहे. तेवढीच जागा उघडा, अख्खी नळी नाही.

कुठे शोधायचं तेही सांगतो. सायकल ढोरांच्या कोठ्यात किंवा खताच्या पोत्यांना टेकून उभी असेल तर खालून सुरुवात करा: रिम, मडगार्डचं टोक, चिमट्याचे (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) पाय. गोमूत्रातले क्षार आणि पोटॅशची भुकटी हवेतली ओल धरून ठेवतात. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा गंजाला आवरतो, पावसाळा त्याला पुन्हा उठवतो. चिमटा किंवा फ्रेमचा सांधा आतून खाल्लेला असेल तर जतनाचा विषय संपला, ती सायकल चालवू नका.

क्रोमचं सोपं आहे. ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाला पाणी लावून हळूच फिरवा, ठिपके जातात. तारेचा ब्रश नको, चंदेरी स्प्रे तर मुळीच नको.

माझ्या आजोबांच्या सायकलच्या चेनकव्हरवर पेंटरने त्यांचं आणि गावाचं नाव लिहिलेलं होतं. ते मी स्वतः घासून काढलं, गंज समजून. ते नाव आता कुठेच नाही. म्हणून कुणी ‘एका दिवसात कोरी करून देतो’ म्हणालं की मला धडकी भरते. पावडर कोटिंगच्या जाड थराखाली फ्रेमचा नंबर बुजतो. घासताना मोनो, म्हणजे कंपनीचा छाप गेला, तर सायकल इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली होती की आसनसोलच्या सेन-रॅलेची, हे सांगणारी मोठी खूण जाते. नवा रंग कधीही मारता येतो, पहिला रंग एकदाच मिळतो.

जुनेपण राखायला मी जवसाचं तेल वापरतो. घाणीवरचं खायचं तेल नको, ते सुकायला फार दिवस घेतं. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड मागा. साफ केलेल्या फ्रेमवर फडक्याने अगदी पातळ हात फिरवा, जास्तीचं पुसून घ्या आणि दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि पातळ पापुद्रा धरतं. सुकताना उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. अंगणात दगडावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कापूस आणि कुटार भरलेल्या घरात तर हे विसरूच नका.