मुस्लिम उपासना आणि मनःस्वास्थ्य (ग्रामीण विदर्भ)

नमाज, रोजा, जिक्र (देवाच्या नावाचा जप), दुआ आणि दर्ग्याची जियारत (दर्शनाला जाणं) या आचारांचा मनावर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. विदर्भातल्या बहुतेक खेड्यांत मुस्लिम घरं थोडीच असतात: शेतकरी, शेतमजूर, कापूस पिंजणारे मन्सुरी, बांगड्या विकणारे मणियार. घरात दखनी वळणाची उर्दू, बांधावर वऱ्हाडी. कापसाचा भाव, सावकाराचं देणं, पावसाने मारलेली दडी हे घोर त्यांनाही शेजाऱ्यांइतकेच लागलेले असतात.

फजर, जुहर, असर, मगरिब आणि इशा या पाच नमाजांत मिळून सतरा रकात (नमाजीची आवर्तनं) फर्ज, म्हणजे बंधनकारक, असतात. खचलेल्या माणसाचा दिवस सैल पडतो. उठावंसं वाटत नाही, जेवणाची वेळ टळते, रात्र सरत नाही. अशा दिवसाला अजान पाच जागी खुंटी ठोकते. नमाजीआधी वजू करावा लागतो. हात, तोंड, नाक, चेहरा धुवायचा, कोपरापर्यंत पाणी न्यायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, शेवटी पाय. राग आला तर उभ्याने बसावं, बसल्याने आडवं व्हावं, वजू करावा, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) सांगितलं आहे. उन्हाळ्यात शेतातून तापून आलेल्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण मनाला सगळ्यात मोठा आधार जमातीचा, म्हणजे एकत्र पढलेल्या नमाजीचा, असं या नोंदीचं मत आहे. छोट्या गावातल्या मशिदीत एक-दोनच सफा (रांगा) होतात. रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर इशानंतर कुणीतरी त्याच्या दारात जाऊन हाक मारतं.

बायकांना हा आधार फारसा मिळत नाही, कारण बहुतेक गावांत त्यांची नमाज घरीच होते. त्यांची जमात वेगळ्या ठिकाणी भरते. घरात आजारपण आलं, कर्ज अंगावर आलं, मुलाचा पत्ता लागेना, की आयत-ए-करीमा या कुरआनातल्या दुआची बैठक ठरते. ओसरीवर चादर अंथरतात, मधोमध चिंचोक्यांचा ढीग. प्रत्येकीने ओंजळभर घ्यायचे आणि एकदा पढून झालं की एक चिंचोका दुसऱ्या बाजूला टाकायचा. सव्वा लाखाचा आकडा एकटीच्याने होत नाही, म्हणून शेजारणी येतात, माहेरच्या येतात. आयत-ए-करीमा ही माशाच्या पोटातल्या अंधारात हजरत युनूस यांनी केलेली दुआ आहे (कुरआन २१:८७). पहिला अर्धा तास ओठांची पुटपुट आणि चिंचोक्यांची टकटक एवढंच ऐकू येतं. मग जिच्या घरी बैठक असते तिचा हात मध्येच थांबतो, ती रडते, आणि शेजारची तिच्या वाट्याचे चिंचोके आपल्याकडे ओढून पढत राहते.

दुःख म्हणजे ईमान (श्रद्धा) कमी पडणं, असं इस्लामी परंपरा मानत नाही. मुलगा यूसुफच्या विरहात हजरत याकूब यांची दृष्टी गेली, असं कुरआन सांगतं. मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून अश्रू आले होते, आणि त्यांच्या पत्नी खदीजा व काका अबू तालिब ज्या वर्षी वारले ते वर्ष ‘दुःखाचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. तरीही उदास माणसाला “नमाज पढत नसशील, म्हणून असं होतं” असं सुनावणारे गावोगाव भेटतात. या वाक्याने माणूस मशिदीपासूनही तुटतो आणि डॉक्टरपासूनही.

आत्महत्या हराम आहे. ही भीती पुष्कळांना काठावरून मागे ओढते. मात्र ज्या घरात ते घडून गेलेलं असतं, तिथे तीच गोष्ट कायमची लाज होऊन बसते. हनफी या सुन्नी शाखेच्या मतानुसार अशा माणसाचीही जनाजाची (अंत्यविधीची) नमाज पढली जाते. हे त्या घराला वेळेवर सांगणारा इमाम फार मोठं काम करतो. विधवेची इद्दत (नवऱ्यामागे घरात राहण्याचा काळ) चार महिने दहा दिवसांची असते. शोकाला निवांतपणा देणारा हा काळ उभं पीक असलेल्या बाईला कोंडतोही. पोटापाण्यासाठी दिवसा बाहेर पडायची मुभा हनफी फिकहात (धर्मनियमांच्या शास्त्रात) आहे, पण ती सांगितली जातेच असं नाही.

‘वसवसा’ (मनाला पुन्हा पुन्हा छळणारी शंका) हा शब्द इथे रोजच्या बोलण्यातला आहे. वजू नीट झाला की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा पाय धुणारा, रकात मोजताना अडकून नमाज नव्याने सुरू करणारा माणूस त्याने ओळखला जातो. फिकहचा नियम स्पष्ट आहे: शंकेने खात्री मोडत नाही. डॉक्टर ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजाराची ही खूण असू शकते, आणि अशा रोग्याला जास्त इबादत (उपासना) करायला सांगणं म्हणजे आजार वाढवणं. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावरच्या एकाच ग्रंथात वसवशावर लिहिलं, आणि कारण असलेली उदासी व कारणाविना येणारी उदासी वेगळी केली.

रमजानबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. आजारी माणसाला रोजातून सूट खुद्द कुरआनने दिली आहे (२:१८४–१८५). लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषध अंगावर उलटू शकतं. रमजान मे महिन्यात आला आणि विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला, की हा धोका आणखी वाढतो. गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला (पहाटेच्या आणि सूर्यास्तानंतरच्या खाण्याला) हलवायच्या का, हे डॉक्टरने ठरवायचं.

मनाचा आजार घेऊन लोक दर्ग्यावर जातात, तेही सर्व जातिधर्मांचे. कामठीत १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीन बाबा १८९२ पासून सोळा वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते, आणि तिथेच लोक त्यांच्या दर्शनाला येऊ लागले. पुढे सावनेर तालुक्यातल्या वाकीत त्यांचा मुक्काम झाला. वेडा ठरवलेल्या माणसापुढे डोकं टेकणारा हा भाग आहे. बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळ आणि रोग्यांच्या अंगावरचे कपडे जाळले जातात. बोलायला जागा आणि घरच्यांची सोबत रोग्याला तिथे मिळते, हे मान्य करावं. साखळदंड आणि मार मात्र अजिबात मान्य करू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या २८ रोग्यांचा जीव गेला. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा यांनी रोग्याला साखळीने बांधणं गुन्हा ठरवलं आहे.

डॉक्टरकडे न जाण्यामागे केवळ श्रद्धा असते असं नाही. जवळपास कुणी नसणं हेही कारण असतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते शिकवून घरोघर पाठवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच मदत घेत होते. अठरा महिन्यांत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आता टेली-मानस या सरकारी मनःस्वास्थ्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजीनंतर माणसं पांगण्याआधी हा क्रमांक दोनदा वाचून दाखवला, तर तो गावातल्या प्रत्येक मुस्लिम घरात पोचतो.