डिप्पर एकाच बाजूला का उचलतो? परदेशात हेडलाईट बदलण्यामागची पार्श्वभूमी

रात्री गाडी घराच्या भिंतीसमोर पाच-सात मीटरवर उभी करा आणि डिप्पर, म्हणजे हेडलाईटचा खाली पडणारा उजेड, लावून बघा. बऱ्याच कारमध्ये भिंतीवर उजेडाची वरची कड अगदी स्पष्ट उमटते, उजव्या अंगाला ती सरळ आडवी असते आणि मधनं डावीकडं, म्हणजे क्लीनर साईडला, ती तिरकी वर चढते, साधारण 15 अंशात. कारण सरळ आहे, समोरची गाडी उजवीकडनं येते तर तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात उजेड जायला नको, आणि डावीकडं रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस, सायकलवाला, साईडपट्टीला उभी ट्रॉली मात्र लांबनं दिसायला पाहिजे.

आता हीच गाडी उजव्या बाजूनं चालायच्या देशात नेली की सगळं उलटं होतं. वर चढणारा उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात आणि आपल्या कडेला अंधार.

सुरुवातीला ही भानगड नव्हतीच. कार्बाईडचे, म्हणजे गॅसवर जळणारे दिवे होते तेव्हा हेडलाईटला डावं-उजवं नव्हतं. पुढं विजेचे दिवे आले, 1920 च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट घालून अप्पर-डिप्पर करायची सोय झाली, पण तो डिप्पर दोन्ही बाजूंना सारखाच खाली पडायचा. मग गाडी कुठल्याही देशात न्या, काही फरक पडत नव्हता, पण कडेचं दिसायचंही कमी. युरोपात 1957 च्या सुमारास एक बाजू उचललेला डिप्पर रूढ व्हायला लागला आणि 1958 च्या जिनिव्हा करारानंतर गाडीच्या सुट्या भागांचे नियम बऱ्याच देशांनी मिळून करायला सुरुवात केली. मला विचाराल तर रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी झालेल्या मोठ्या सुधारणांपैकी ही एक आहे, फक्त त्या दिवसापासून हेडलाईटला डावं-उजवं आलं ते आलंच.

ते डावं-उजवं काचेतच ओतलेलं असायचं. जुन्या हेडलाईटच्या काचेवर उभ्या-आडव्या रेघा, खाचा दिसतात ना, त्या शोभेच्या नाहीत, उजेड कुठं वळवायचा ते त्या ठरवतात. त्यामुळं बाजू बदलायची तर अख्खी काच बदला. स्वीडननं हे देशभर करून दाखवलं. 3 सप्टेंबर 1967 ला पहाटे 5 वाजता अख्खा देश डावीकडनं उजवीकडं गेला आणि त्यासाठी गाड्यांचे हेडलाईट बदलावे लागले. तेव्हा तिथं बहुतेक गाड्यांना एकाच मापाचे गोल, स्वस्त हेडलाईट होते म्हणून जमलं, पुढं प्रत्येक मॉडेलला वेगळा महागडा हेडलाईट येणार हे दिसत होतं, आणि आणखी उशीर नको म्हणायला तेही एक कारण होतं. जपानमधल्या ओकिनावानं 30 जुलै 1978 ला उलट केलं, उजवीकडनं डावीकडं, तिथंही हेडलाईट बदलणं आलंच.

पण जो माणूस आठ दिवसांसाठी डावीकडनं चालणाऱ्या इंग्लंडातल्या डोव्हर बंदराहून बोटीनं उजवीकडनं चालणाऱ्या फ्रान्सला चाललाय तो काय काच बदलणार? त्याच्यासाठी स्टिकर आले. हेडलाईटच्या ठराविक जागी चिकटवायचे, काही नुसते काळे, उचललेला भाग झाकणारे, काही उजेड वळवणारे. आपल्याकडची जी मंडळी इंग्लंडात नोकरीला आहेत आणि गाडी घेऊन युरोप फिरतात त्यांना हे चांगलं माहीत असतं. आणि खरं तर ही युक्ती आपल्याला नवी नाही, पूर्वी आपल्या ट्रकच्या, ॲम्बेसेडरच्या हेडलाईटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचाच की, तोही समोरच्याला त्रास नको म्हणूनच.

पुढं प्रोजेक्टर लाईट आले, त्यात उजेडाची कड काच नाही तर आतली एक छोटी पट्टी ठरवते, मग काही गाड्यांत कंपनीनं तिथंच एक लिव्हर दिली, ती सरकवली की तिरका भाग जातो आणि कड सरळ आडवी होते. आता एलईडीवाल्या बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमधनं काम होतं. आपल्याकडनं मणिपूरमधल्या मोरेहवरनं थायलंडला गाडीनं जाणाऱ्याला तर हे दोनदा करावं लागायचं, म्यानमार 1970 पासून उजवीकडनं चालतो आणि थायलंड परत डावीकडनं.

हे सगळं सातारा-सांगलीत बसून कशाला वाचायचं, तर परदेशातली ही उलटी बाजू आता गाडी न हलवता आपल्या रस्त्यावर आलीय. बुलेटला, थारला सात इंची गोल एलईडी हेडलाईट ऑनलाईन मागवतात, त्यातले काही उजवीकडनं चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात. यवतेश्वर घाटात किंवा पेठ-सांगली रोडवर समोरनं असा एक आला की आपण अप्पर-डिप्पर करून इशारा दिला तरी डोळ्यापुढं पांढरं होतं आणि नेमकी तेव्हाच पुढं उसाची ट्रॉली असते, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरचा बिचारा डिप्परवरच असतो, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमातला 106 नंबरचा नियम सांगतो की 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, 1.5 मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे तो दिपता कामा नये. उजव्या कडेपासून. म्हणजे नियमाला बाजू चांगली माहीत आहे, बघितलं जात नाही एवढंच.

ओळखायचं कसं? ज्या हेडलाईटवर गोलातल्या ई (E) चा शिक्का, म्हणजे त्या जिनिव्हा कराराखालच्या मंजुरीची खूण असते, त्याच्याजवळ बाण बघायचा. समोर उभं राहून बघितल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडं असेल तर तो डावीकडनं चालणाऱ्या देशांचा, म्हणजे आपला. दोन्हीकडं टोकं असलेला बाण असेल तर सेटिंग बदलून दोन्हीकडं चालतो. ई आहे पण बाणच नाही, तर तो बहुतेक उजवीकडनं चालणाऱ्यांचा, तो दुकानदारानं कितीही स्वस्त लावला तरी इथं बसवू नका. आणि शिक्काच नसेल तर बसवल्या बसवल्या भिंतीवर टाकून बघा, उजवीकडं वर चढला की त्याच दिवशी काढून परत करा.