नाका ओलांडल्याचा टोल आणि अंतराचा टोल

शहराला बाहेरून वळसा घालणारा वीस-पंचवीस किलोमीटरचा टोलरस्ता. त्यावर एक गाडी जेमतेम तीन किलोमीटर जाते आणि पूर्ण टोल भरते. दुसरी दहा किलोमीटर जाते आणि काहीच देत नाही. पहिल्या गाडीवाल्याला वाटतं, आपल्याला लुबाडलं. त्याचा राग मला समजतो. पण त्याने मनात धरलेली टोलची पद्धत त्या रस्त्यावर नसतेच.

टोल दोन तऱ्हांनी घेतात. खुल्या पद्धतीत नाका मुख्य रस्त्यावर आडवा असतो. तो जो ओलांडेल त्याने ठरलेली रक्कम द्यायची; गाडी कुठून चढली, कुठे उतरणार, हे कुणी विचारत नाही. बंदिस्त पद्धतीत चढतानाच नोंद होते, पूर्वी कागदी तिकिटाने आणि आता बहुतेक टॅगने. उतरताना दोन टोकांमधल्या अंतराचे पैसे कापले जातात. म्हणजे एकीकडे जागेचा टोल, दुसरीकडे अंतराचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दोन्ही पाहायला मिळतात: 1951 मध्ये सुरू झालेला टर्नपाईक हा टोलरस्ता चढ-उतारावर हिशेब करतो, तर गार्डन स्टेट पार्कवे या दुसऱ्या टोलरस्त्यावर वाटेतले नाके आहेत.

शहराभोवतीच्या छोट्या रस्त्यावर बहुधा खुली पद्धतच सापडते, आणि त्याला कारण आहे. अशा रस्त्याला दर दोन-तीन किलोमीटरवर चढ-उताराचे रॅम्प असतात. प्रत्येक रॅम्पवर नाका बांधून माणसं बसवायची, तर वसुलीचा खर्चच डोईजड होतो. त्यापेक्षा मधोमध एक-दोन नाके परवडतात. मग दोन नाक्यांमधला तुकडा आपोआप फुकट राहतो. जवळपास राहणारे तो बरोबर हेरतात आणि नाक्याच्या आधीच उतरून जुन्या रस्त्याने पुढे जातात. ही गळती थांबवायला काही रॅम्पवरही छोटा नाका बसवतात. रॅम्पवर नाका दिसला म्हणून अनेकजण रस्ता बंदिस्त समजतात. तिथे तिकीट मिळत नसेल आणि सगळ्यांना एकच रक्कम पडत असेल, तर पद्धत खुलीच आहे.

दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलजवळचा सदर्न कनेक्टर हा अशाच छोट्या रस्त्याचा नमुना. सुमारे 25 किलोमीटरचा हा टोलरस्ता 2001 मध्ये खुला झाला. अपेक्षेइतकी वाहनं आली नाहीत आणि 2010 मध्ये तो चालवणाऱ्या संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पैसे न देता जायला दुसरा रस्ता हाताशी असला की लोक टोलरस्त्यावर किती कमी येऊ शकतात, हे आधी ओळखणं अवघड असतं.

नाके जाऊन कॅमेऱ्याच्या कमानी आल्या, तसा गोंधळ वाढला. टोरांटोजवळचा 407 हा महामार्ग 1997 पासून बिननाक्याचा आहे. तिथे टॅग किंवा नंबरप्लेट वाचून अंतराचे पैसे घेतात. एकही नाका नाही, तरी पद्धत बंदिस्तच. उलट कित्येक रस्त्यांवर जुना नाका पाडून त्याच जागी कमान उभी केली आहे. तिथे गाडी न थांबता जाते, पण टोल जागेचाच राहतो. म्हणून कमान कुठे आहे ते बघावं. चढ-उताराच्या रॅम्पवर असेल तर बहुधा अंतराचा हिशेब. मुख्य रस्त्यावर एकदोनच असतील तर जागेचा. दर दोन रॅम्पच्या मध्ये एकेक असेल, तर तुकड्यातुकड्याने तोही जवळजवळ अंतराचाच होतो.

हा फरक चालवणाऱ्याच्या अंगाशी येतो तो उतरायचा रॅम्प चुकल्यावर. खुल्या रस्त्यावर पुढच्या रॅम्पने उतरून मागे वळता येतं. फार तर एक नाका जास्त पडेल. बंदिस्त रस्त्यावर पुढे जाल तेवढं बिल वाढतं, आणि कागदी तिकीट हरवलं तर अनेक ठिकाणी सगळ्यात लांबच्या टोकापासूनचा टोल लावतात. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: कमानीखाली ब्रेक मारू नका. कॅमेरा चालत्या गाडीची पाटी वाचतो, पण मागून वेगात येणाऱ्याला तुम्ही मध्येच थांबाल याची कल्पना नसते.