नागपूरचे घर आणि सुभाषबाबू: आधी साल ठरवा

‘आमचे आजोबा नेताजींसोबत होते’ असे नागपुरातल्या एखाद्या घरात सांगतात, तेव्हा आधी साल विचारावे. कारण तीन वेगवेगळे काळ त्या एका वाक्यात मिसळलेले असू शकतात.

पहिला काळ 1939 चा. काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्यांना 1377 विरुद्ध 1580 मतांनी हरवले आणि गांधीजींचा गट दुखावला. मार्चमधले त्रिपुरी अधिवेशन जबलपूरजवळ, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच भरले. एप्रिलअखेर त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक काढला.

दुसरा काळ नागपूरकरांना सर्वांत जवळचा. जून 1940 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकची अखिल भारतीय परिषद नागपुरातच झाली. कामगार नेते रा. स. रुईकर या पक्षातले, त्यामुळे गिरणी कामगारांच्या घरी जपलेली आठवण इथून आलेली असू शकते. 1942 मध्ये पक्षावर बंदी आली. मग पत्रके, पावत्या घरात ठेवणे धोक्याचे झाले. म्हणून कागद नाहीत एवढ्यावरून घरची गोष्ट खोटी ठरवणे अन्यायाचे आहे.

तिसरा काळ 1943 ते 45, आझाद हिंद सेनेचा. हा संबंध सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेशातून येतो. त्या काळात जो माणूस नागपुरातच होता, तो या सेनेत असूच शकत नाही. 1939 मध्ये इथेच मगनलाल बागडींनी उभारलेली हिंदुस्तानी लाल सेना वेगळी. दोन्ही नावांत ‘सेना’ असल्याने घोळ होतो.

फोटोवरूनही फसगत होते. सुभाषबाबू लष्करी गणवेशात दिसले की फोटो आझाद हिंद सेनेचाच, असे नाही. 1928 च्या कोलकाता अधिवेशनात स्वयंसेवक दलाचे प्रमुख म्हणूनही त्यांनी तसाच गणवेश घातला होता.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर जुने सरकारी कागद शोधताना आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन-चार प्रकारे टाकून पाहावीत. जिल्हाही जुनाच द्यावा: चंद्रपूरऐवजी चांदा, आणि गोंदियाकडच्या गावांसाठी भंडारा.

घरात ताम्रपट असेल तर स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मान झाला एवढे कळते. खरा तपशील 1972 पासूनच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जात सापडतो. तुरुंगाचा दाखला मिळाला नाही तर सहबंद्यांची प्रमाणपत्रे जोडावी लागत, आणि तुरुंग व तारखा त्यांतच येतात. अर्ज दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जाई, पण एक प्रत राज्य सरकारकडेही असे. ती आधी मागावी.