अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सुटू नये म्हणून: शिष्यवृत्तीची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे वसतिगृहाची खोली, पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य आणि नव्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्यात निघून जातात, आणि बहुधा याच काळात शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत चालू असते. जो विद्यार्थी या आठवड्यांत अर्ज करत नाही, त्याच्यावर वर्षभर थकलेल्या फीचे ओझे राहते. ते ओझे घेऊन गणिताच्या तासाला बसणे किती कठीण असते, हे त्या बाकावर बसलेल्यालाच ठाऊक असते. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी समजू नयेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती पुढे चालू राहणे हे पुढच्या वर्गात जाण्यावर अवलंबून असते, आणि पुढच्या वर्गात जाणे पुष्कळदा फीची काळजी मिटण्यावर. म्हणून महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला लागू होणाऱ्या प्रमुख योजना आणि त्यांची प्रक्रिया येथे एकत्र मांडली आहे.

कोणासाठी कोणती योजना

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, तीन योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून राबवल्या जातात आणि तिन्हींमध्ये वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे. विद्यार्थिनीने परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत पदवीच्या पहिल्या वर्षाला, किंवा पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश घेतलेला असावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, आणि एका कुटुंबातील दोनच मुलींना हा लाभ मिळतो. पहिल्या वर्षापासून आलेल्या मुलीला जास्तीत जास्त चार वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला तीन वर्षे ही रक्कम मिळू शकते. पदवीच्या पहिल्या वर्षासाठी निवड बारावीच्या गुणांवर होते. ही रक्कम फीपुरतीच मर्यादित नसून संगणक, पुस्तके, उपकरणे यांवरही खर्च करता येते. ज्या मुलीची फी अन्य मार्गाने भागली आहे पण घरी लॅपटॉप नाही, तिने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सक्षम शिष्यवृत्ती किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिलाही ८ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. स्वनाथ शिष्यवृत्ती अनाथ विद्यार्थी, कोविड-१९ मुळे आई, वडील किंवा दोघांनाही गमावलेले विद्यार्थी, तसेच कर्तव्यावर हुतात्मा झालेल्या सैनिकांचे आणि केंद्रीय निमलष्करी दलांतील जवानांचे पाल्य यांच्यासाठी आहे. या तिसऱ्या योजनेची माहिती पुष्कळ घरांपर्यंत पोहोचतच नाही. वर्गात असा एखादा मित्र असेल तर त्याला ती आवर्जून सांगावी.

राज्य शासनाच्या योजनांसाठी महाडीबीटी हे पोर्टल आहे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांच्या ५० टक्के रकमेची प्रतिपूर्ती होते. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला प्रवेश या अटी आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ देण्यात आला आहे. तेथेही उत्पन्न मर्यादा ८ लाखांचीच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेले प्रवेश, तसेच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतील प्रवेश या सवलतीत बसत नाहीत. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये आहे.

दोन पोर्टलांवर दोन अर्ज भरून जे मिळेल ते घ्यावे, असा सल्ला विद्यार्थ्यांना नेहमी ऐकायला मिळतो, पण तो धोक्याचा आहे. एआयसीटीईच्या योजनांमध्ये केंद्र किंवा राज्य शासनाची दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत कोणती योजना अधिक लाभाची आहे याचा हिशोब अर्जापूर्वीच घरच्यांबरोबर बसून करावा.

शुल्कमाफी योजनेची, म्हणजे टीएफडब्ल्यूएसची, गोष्ट वेगळी आहे. तिचा अर्ज प्रवेशानंतर करायचा नसतो, कारण त्या मंजूर प्रवेशसंख्येवरच्या ५ टक्के अधिसंख्य जागा असतात आणि कॅपच्या विकल्प अर्जातच मागाव्या लागतात. या जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला पुढे संस्था किंवा शाखा बदलता येत नाही. मनात वेगळी शाखा असताना केवळ शुल्कमाफीसाठी अशी जागा घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात अभ्यासाचा कंटाळा येऊ लागतो, म्हणून विकल्प भरतानाच हा विचार झालेला बरा.

कागदपत्रे

अर्ज रखडण्याची कारणे बहुतेक वेळा पात्रतेत नसतात, कागदांत असतात. दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, कॅपचे जागावाटप पत्र, महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, फीची पावती, आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान आणि उत्पन्नाचा दाखला एवढे जवळजवळ प्रत्येक योजनेला लागते. राज्याच्या योजनांसाठी अधिवास प्रमाणपत्र आणि शिधापत्रिका, आरक्षित प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, मागास वर्गांसाठी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब त्या वर्गातील प्रगत गटात मोडत नाही याचे प्रमाणपत्र, आणि शिक्षणात खंड असल्यास खंड प्रमाणपत्र अशी त्यात भर पडते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असावा लागतो आणि तो सेतू, महा ई-सेवा केंद्र किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. त्याची वैधता ३१ मार्चला संपते, त्यामुळे बारावीत असताना काढलेला दाखला प्रवेशानंतरच्या अर्जाला चालत नाही. प्रवेश प्रक्रिया सुरू असतानाच नवा दाखला काढून ठेवावा. त्यात वडिलांचे एकट्याचे उत्पन्न न धरता कुटुंबाचे उत्पन्न धरावे लागते. आई नोकरी करत असेल आणि तिचे उत्पन्न दाखल्यात आलेले नसेल, तर पडताळणीत अर्ज अडकू शकतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असले तरी उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो, कारण ही दोन प्रमाणपत्रे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

नावातील फरक वरवर किरकोळ वाटतो, पण तो फार महागात पडतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते, तर आधारवर स्वतःच्या नावापासून सुरुवात होते. एवढा क्रमाचा फरक सहसा अडत नाही. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल, किंवा आधारवर वडिलांचे नावच नसेल, तर एकच विद्यार्थी पोर्टलला दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतो. चारही कागद, म्हणजे दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. दुरुस्ती आधारची करायची, आणि ती अर्ज भरण्याआधी करायची.

बँक खात्याबाबत याहून जास्त गैरसमज आहे. खाते आधारशी लिंक असणे आणि शासकीय रक्कम जमा होण्यासाठी सीड असणे, म्हणजे थेट लाभाचे खाते म्हणून आधारशी नोंदलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी कितीही खाती आधारशी जोडता येतात, पण थेट लाभ एकाच खात्यात येतो, आणि ते बहुधा सर्वांत शेवटी सीड केलेले खाते असते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात रक्कम जमा झाली आणि विद्यार्थी मात्र महिनोन्महिने गावच्या बँकेचे पासबुक भरून घेत राहिला, असे घडते. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते, ती अर्जाच्या दिवशीच पाहावी. शाळेत असताना उघडलेले खाते अज्ञान व्यक्तीचे असेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन नवीन केवायसी करून घ्यावी.

अर्ज भरताना आणि भरल्यानंतर

राष्ट्रीय पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर, करावी लागते. तिच्यातून मिळणारा १४ अंकी क्रमांक संपूर्ण शिक्षणासाठी तोच राहतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवावा. महाडीबीटीवर आधी प्रोफाइल पूर्ण करून मग योजना निवडायची असते. दोन्हीकडे मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. सायबर कॅफेत घाईने अर्ज भरताना तेथील माणसाचा क्रमांक टाकला जातो, आणि तीन महिन्यांनी ओटीपी त्याच्या फोनवर जातो, जो तोपर्यंत बदललेला असतो.

अर्ज सादर केल्यावर काम संपले असे समजू नये. त्यानंतर पहिली पडताळणी महाविद्यालय करते आणि पुढची पडताळणी शासकीय स्तरावर होते. त्रुटी आढळल्यास अर्ज परत पाठवला जातो आणि विद्यार्थ्याने ती दुरुस्त करून तो पुन्हा सादर करावा लागतो. परत आलेला अर्ज तसाच पडून राहिला तर तो बाद होतो, म्हणून दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी, आणि महाविद्यालयाची पडताळणी लांबली तर शिष्यवृत्ती विभागात अर्जाची छापील प्रत घेऊन जावे. नुसते तोंडी सांगण्यापेक्षा अर्ज क्रमांक दाखवून विचारले तर काम लवकर होते. तेथील कर्मचाऱ्यांसमोर शेकडो अर्ज असतात, हेही समजून घ्यावे.

शिष्यवृत्ती टिकवायची म्हणजे वर्ष टिकवायचे

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. प्रगती योजनेत पुढच्या वर्गात बढती मिळाली नाही तर लाभ थांबतो. राज्याच्या योजनांमध्ये उपस्थिती आणि परीक्षेला बसणे या अटी पाहिल्या जातात. एटीकेटीचे, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाण्याच्या सवलतीचे, नियम विद्यापीठानुसार, आणि स्वायत्त महाविद्यालयात त्या महाविद्यालयानुसार बदलतात, तेव्हा किती विषय किंवा किती श्रेयांक राहिल्यास पुढच्या वर्षात जाता येते, हे पहिल्या निकालाची वाट न पाहता सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे. एखाद्या विषयात अनपेक्षितपणे नापास झाल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकालानंतर अगदी थोड्या दिवसांची असते, आणि ती निराशेत घरी बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून हमखास जाते.

अभ्यासाची मदतही हक्काची आहे आणि ती मागावी लागते. एआयसीटीईने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा प्रवेशारंभ कार्यक्रम आखून दिला आहे, आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक प्राध्यापक मिळावा अशी अपेक्षा आहे. हे दिवस औपचारिक समजून बुडवू नयेत, कारण पुढे अडचण आल्यावर ज्यांच्याकडे जायचे त्यांची ओळख तेथेच होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तके मराठीत मोफत वाचता येतात. संकल्पना आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजीत लिहिण्याचा सराव करणे यात कमीपणा काहीच नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो. त्यासाठीचा अर्ज प्रमाणपत्रासह परीक्षा विभागाकडे परीक्षेच्या पुरेसा आधी द्यावा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक यांनी दरवर्षी ऑनलाइन भरायचे असते, आणि तसा त्रास झाल्यास १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर कोणत्याही वेळी तक्रार करता येते. झोप उडाली असेल, तासाला जावेसे वाटत नसेल आणि घरी सांगवत नसेल, तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. हा फोन करण्यासाठी कोणताही दाखला लागत नाही.