वसिष्ठ उत्तरेला, मित्र दक्षिणेला

लग्नाच्या हॉलमध्ये गुरुजी "अरुंधती बघा" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दुपारचा दीड वाजलेला असतो. नवरा-नवरी एसीच्या डक्टकडे बघून हात जोडतात आणि पंगत बसते. गंमत म्हणजे लग्नसराईचा मे महिना अरुंधती बघायला अगदी योग्य. रात्री साडेनऊ-दहाला गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड केलं की सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. शेपटीच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याला चिकटून, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून कमी अंतरावर, अरुंधती.

मुंबईत वसिष्ठ सहज दिसतो, अरुंधतीसाठी मात्र डोळे ताणावे लागतात. आधी मोठा तारा दाखवायचा आणि मग त्याच्या आधाराने बारीक ताऱ्याकडे नजर न्यायची, या युक्तीला आपल्याकडे अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. दुर्बीण वापरणाराही नेमकं हेच करतो.

मुंबईतून आकाश बघण्यात काही अर्थ नाही, असं सगळेच म्हणतात. आकाशगंगेचा पट्टा, फिकट तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका यांच्या बाबतीत ते खरंच आहे. त्यासाठी वांगणी किंवा त्याच्याही पलीकडे जावं लागतं. जोडताऱ्यांचं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना एकच दिसणाऱ्या पण मुळात दोन असलेल्या ताऱ्यांचं, तसं नाही. तेजस्वी तारा दिव्यांच्या उजेडाला पुरून उरतो. त्याचे दोन वेगळे ठिपके दिसायला अंधारापेक्षा हवा स्थिर असणं महत्त्वाचं. आपल्या दमट, वारा पडलेल्या रात्री घामाने जीव नकोसा करतात, पण अशा रात्री दुर्बिणीतली प्रतिमा पुष्कळदा गप्प उभी राहते. एकच पथ्य पाळायचं: एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर न्यायची नाही. भिंगावर असं दव बसतं की अर्धा तास पुसत बसावं लागतं. पुसूही नये खरं तर, ते आपोआप उडू द्यावं.

माझी दुर्बीण 80 मिलिमीटर भिंगाची, तिचं स्टँड किंचित लुळं. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की वसिष्ठ नाचायला लागतो. पंप बंद झाल्यावर चाळीस पट मोठं करून पाहिलं तर वसिष्ठ एकटा राहत नाही. एक ठळक पांढरा ठिपका आणि त्याला खेटून दुसरा, थोडा मंद. दोघांत अंतर 14 विकलांचं. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. यावरून अंदाज येत नसेल तर पंधरा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा. तिच्या एका टोकाला रुपयाचं नाणं धरलंय आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे आहात. ते नाणं जेवढं दिसेल, साधारण तेवढं हे अंतर.

1617 साली बेनेदेत्तो कास्तेल्लीने आपल्या गुरूला, गॅलिलिओला, पत्र लिहून हा तारा बघायला सुचवलं होतं. पण खरी करामत पुढची आहे. 1889 मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंगने जाहीर केलं की या दोघांतला ठळक ठिपकाही मुळात दोन तारे आहेत. कोणत्याही दुर्बिणीतून ते वेगळे दिसले नव्हते. पण त्या ठिपक्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, म्हणजे वर्णपटातल्या, काळ्या रेषा कधी एकेरी दिसत, कधी दुहेरी. फलाटावर न थांबणारी फास्ट लोकल भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून जाताच उतरतो. प्रकाशाचंही तसंच. एक तारा आपल्याकडे येताना त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात, त्याच वेळी दूर जाणाऱ्या जोडीदाराच्या तांबड्याकडे, आणि एका रेषेच्या दोन होतात. हे दोघे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. पुढे मंद ठिपकाही जोडीच निघाला. 2009 मध्ये अरुंधतीलाही एक क्षीण लाल सोबती सापडला. डक्टकडे बघून ज्यांना नमस्कार केला ते एकूण सहा जण आहेत.

आता पाठ फिरवून दक्षिणेला या. मे महिन्याच्या उत्तरार्धात दहाच्या सुमारास तिथे मित्र नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी) असतो, आपल्या सूर्याचा शेजारी, 4.37 प्रकाशवर्षांवर. दिल्लीकरांना तो दिसतच नाही. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 10 अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण तेवढं होतं. आमच्या गच्चीवरून तेवढ्या उंचीवर दोन टॉवर आहेत आणि त्यांच्या मधल्या फटीतून मित्र तासभर मिळतो.

हा जोडतारा आहे हे कळलं ते आपल्याच देशात. 1689 च्या डिसेंबरात पुदुच्चेरीत झां रिशो हा फ्रेंच जेझुइट धर्मगुरू धूमकेतू बघत होता, तेव्हा मित्राचे दोन झालेले त्याला दिसले. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी पथकातल्या विल्यम जेकबने 1845 ते 1848 या काळात पुण्यातून 244 जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे मद्रासच्या वेधशाळेत असताना, 1855 मध्ये, भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडताऱ्याभोवती ग्रह असावा असं त्याने मांडलं. ते चुकीचं ठरलं, पण सूर्यमालेबाहेरचा ग्रह गणिताने हुडकायचा हा फार लवकरचा प्रयत्न होता.

एवढी मोजमापं कशासाठी? तारा तराजूत घालता येत नाही. जोडतारा मात्र स्वतःच तराजू असतो. मित्राचे दोन मुख्य तारे 79.8 वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि त्यांच्यातलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 23.3 पट आहे. केप्लरच्या नियमाप्रमाणे 23.3 चा घन करा, त्याला 79.8 च्या वर्गाने भागा. उत्तर येतं जवळजवळ 2. म्हणजे दोघांचं मिळून वस्तुमान दोन सूर्यांएवढं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन ताऱ्यांचं वजन झालं.

2016 च्या सुमारास हे दोघे आपल्याला फक्त 4 विकलांच्या अंतरावर दिसत होते. आता ते पुन्हा लांब होताहेत, त्यामुळे छोट्या दुर्बिणीलाही जमतात.

ऐंशी वर्षांची फेरी म्हणजे जवळपास सहस्रचंद्रदर्शनाचं वय. आमच्या तळमजल्यावरच्या आजींचा तो समारंभ नुकताच झाला होता, म्हणून गेल्या मेमध्ये त्यांना मुद्दाम वर बोलावलं. क्षितिजाजवळच्या हवेत मित्र चहासारखा उकळत होता. आजी आयपीसला डोळा लावून बराच वेळ गप्प.

"दोन दिसताहेत," त्या म्हणाल्या. "पण हा मोतीबिंदूचा डोळा. याला काय, ट्यूबलाइटही दोन दिसतात. थांब, ऑपरेशन झालेल्याने बघते."

डोळा बदलला. पंप सुरू झाला, बंद झाला.

"दोनच आहेत रे."